बाटलीला चोळी

आमच्या घरात शँपेनची एक बाटली आहे. ती रिकामी आहे, हे आधीच सांगून टाकते. नाही तर ऐन दिवाळीत वाचकांच्या भुवया उगीच वर जायच्या. बाटली माझ्या पुतणीची. तिने मुंबईच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून ती हौसेने आणली आणि आपल्या पुस्तकांच्या कपाटात मांडली. बाटली आहे फ्रान्समधल्या रँस गावच्या पायपर-हाइडसिक या घराण्याची. पण लक्ष जाते ते नावाकडे नव्हे. बाटलीच्या अंगात एक लालभडक, चकचकीत चोळी आहे. पाठीमागून बंद ओवून, कंबर आवळून बांधायची, जुन्या युरोपातल्या बायका वापरीत तसली. कॉर्सेट म्हणतात तिला.

आमच्या वहिनींना ही बाटली कधी पसंत पडली नाही. घरात सत्यनारायण असला की ती कपाटाच्या मागच्या खणात जाते. एकदा धूळ पुसता पुसता त्यांनी तिचे बंद सोडून आत पाहिले आणि मला हाक मारली, "बघा वन्सं, एवढा थाट, आणि आत तर साधीच बाटली!"

त्या दिवशी मी हसले आणि विसरून गेले. पण गेल्या दिवाळीच्या आधी महिनाभर हेच वाक्य आमच्या घरात भांडणाचे मूळ होऊन बसले.

भांडण होते अनारशांवरून. दादा गेला तेव्हा पुतणी नऊ वर्षांची होती. माझा शाळेतला पगार होता, पण तो तिघींना पुरेसा नव्हता. वहिनींनी अनारसे करून विकायला सुरुवात केली. दुकान नाही, पाटी नाही. गिऱ्हाइकाने घरचा डबा आणून द्यायचा, वहिनींनी तो भरून ठेवायचा. वीस-बावीस वर्षे हे चालले आहे. पुतणी कपड्यांचे डिझाइन शिकली तिची फी याच डब्यांतून गेली. ती आता मुंबईला एका मोठ्या कपडेवाल्याकडे काम करते. ती रजा घेऊन आली आणि म्हणाली, "आई, या वर्षी आपण भागीदारी करू. अनारसे तुझे, पेटी माझी."

पेटीचा नमुना तिने बरोबरच आणला होता. हातकागदाची जांभळी पेटी, तीवर पैठणीच्या पदरावरचे मोर, झाकणाला पारदर्शक खिडकी आणि आत आठ गोल खण. सुंदर होती, यात शंका नाही. वहिनींनी ती हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली, परत ठेवली आणि विचारले, "माझ्या डब्यांची लाज वाटते का गं तुला?"

पुतणीचा चेहरा उतरला. ती कपाटापाशी गेली आणि चोळीवाली बाटली घेऊन आली. "हे बघ आई, 1785 सालापासून चालत आलेलं घराणं. त्यांना का लाज वाटत होती? तरी 1999 साली त्यांनी जाँ पोल गोतिए या कपडेवाल्याला बोलावून बाटलीला अंगडं शिवून घेतलंच ना?"

"दारूचे दाखले माझ्या अनारशाला नकोत," वहिनी म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. "आत्या, आता तूच सांग," असे म्हणून पुतणीने तो खटला माझ्या गळ्यात टाकला. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

शँपेनची चव मी आयुष्यात घेतलेली नाही. पण मी बत्तीस वर्षे मुलींना रसायनशास्त्र शिकवले आहे. आंबणे म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. तेव्हा आधी बाटलीच्या आत काय चालते ते पाहू, मग चोळीचा न्याय करू, असे मी ठरवले.

शँपेनची खरी करामत बाटलीतच होते. द्राक्षांच्या रसाची आधी साधी वाइन करतात. मग वेगवेगळ्या गावांच्या, वेगवेगळ्या मळ्यांच्या वाइनी एकमेकींत मिसळतात. त्यात थोडी साखर आणि किण्व घालून बाटल्या बंद करतात आणि खडूच्या दगडात खोदलेल्या थंडगार तळघरांत आडव्या रचून ठेवतात. तिथे बाटलीच्या पोटात वाइन दुसऱ्यांदा आंबते. त्यातून निघणाऱ्या वायूला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो वाइनमध्येच विरघळतो. आतला दाब पाच-सहा वातावरणांचा होतो, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुप्पट-तिप्पट. कायद्याने किमान पंधरा महिने बाटलीत काढल्यावाचून या वाइनीला बाहेरचा उजेड दिसत नाही. शेवटी मेलेल्या किण्वाचा गाळ काढायचा असतो. त्यासाठी बाटली रोज थोडी थोडी फिरवत हळूहळू डोक्यावर उभी करतात, म्हणजे गाळ गळ्याशी जमतो. हे काम पूर्वी हाताने होई, आता बहुधा यंत्रे करतात. गाळ काढला, चवीपुरती साखर घातली, बूच बसवले, बुचाला तारेची जाळी बांधली, की मग वरचा चकचकीत कागद आणि नावाची पट्टी. या शेवटच्या कामाला तिकडे फ्रेंचमध्ये म्हणतात 'अबियाज'. म्हणजे काय? कपडे घालणे!

इथे मी थबकले. म्हणजे बाटली उघडी कधीच नसते. गोतिएने तिला पहिल्यांदा कपडे घातले नाहीत, आधीच्या कपड्यांवर आणखी एक चढवला, इतकेच.

पुढे वाचताना तर मोठी मौज दिसली. हा हाइडसिक मुळात कापडाचा व्यापारी. जर्मनीतून रँसला आला तो लोकरीच्या कापडासाठी. त्याच्याही आधी 1729 साली निकोला र्‍युइनार याने शँपेनची पहिली पेढी काढली, तोही कापडवालाच. कापड घेणाऱ्या गिऱ्हाइकांना तो आपल्याकडच्या बाटल्या भेट देई. भेटीलाच मागणी वाढत गेली आणि काही वर्षांत त्याने कापड सोडून दिले. रँस हे लोकरीच्या कापडाचे नामांकित गाव होते. तेव्हा वाइन आणि वस्त्र या काही परक्या बायका नव्हेत. एकाच घरातल्या दोघी, मधल्या काळात दुरावलेल्या, आणि आता एकमेकींकडे परत येऊ लागलेल्या, असे म्हणावे लागते.

पायपर-हाइडसिकच्या घरात हे येणे-जाणे पुष्कळ झाले. 1885 साली घराण्याला शंभर वर्षे झाली, तेव्हा रशियातल्या फाबर्जे या जवाहिऱ्याने त्यांच्यासाठी सोन्या-हिऱ्यांनी मढवलेली बाटली घडवली. 1999 साली गोतिएची चोळी आली. 2007 साली व्हिक्टर आणि रॉल्फ या डच जोडीने बाटलीच उलटी केली. नावाची पट्टी उलटी, तळ वर, बूच खाली. 2009 साली क्रिस्तियाँ लुबुताँ या जोडेवाल्याने बाटलीबरोबर काचेची उंच टाचेची सपाता करून दिली. नटीच्या सपातेतून शँपेन पिण्याचा एक रंगेल शिरस्ता एके काळी तिकडच्या शौकिनांत होता, त्याची ती आठवण.

आता प्रश्न असा, की या भागीदारीत कोण कोणाला काय देतो?

वाइन करणाराचा धर्म मी समजून घेऊ लागले आणि मला वहिनी दिसू लागल्या. दर वर्षी पाऊस वेगळा, ऊन वेगळे, द्राक्ष वेगळे. तरी घराण्याची नेहमीची वाइन यंदाही गेल्या वर्षीसारखीच लागली पाहिजे. म्हणून तर आधीच्या वर्षांच्या वाइनी राखून ठेवायच्या आणि नव्यात मिसळायच्या. तिथे तळघराच्या प्रमुखाची परीक्षा एकच, की त्याने काही केले आहे हे कोणाला कळता कामा नये! वहिनीही तांदूळ तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, सावलीत पंचावर पसरतात, कुटतात, चाळतात, गूळ मिसळून पीठ बरणीत मुरवतात. तांदूळ कधी नवा लागतो, गूळ कधी ओला निघतो. तुपात सोडल्यावर अनारसा हसला, म्हणजे फुटून पसरला, तर सगळी मेहनत वाया. इतके करून गिऱ्हाईक काय म्हणते? "वा, अगदी नेहमीसारखे!" वहिनींना यापरती दुसरी पावती नको असते.

कपडेवाल्याचा धर्म नेमका उलटा. यंदाचे काम गेल्या वर्षीसारखे दिसले, की तो संपला. 'अगदी नेहमीसारखे' ही वाइनवाल्याला दाद, तीच कपडेवाल्याला शिवी. एकाचे व्रत 'बदलणार नाही' आणि दुसऱ्याचे 'बदलल्याशिवाय राहणार नाही'. अशी दोन माणसे एका पाटावर बसवायची तरी कशी?

चार दिवस मला हे कोडे सुटेना. मग एका रात्री दिवाळीच्या सणावरूनच ते सुटले. दर दिवाळीला आपण आकाशकंदील नवा करतो, आतला दिवा तोच असतो. रांगोळी रोज पुसतो, उंबरठा पुसत नाही. माणसाला नव्याची ओढ असते आणि जुन्याचा आधार हवा असतो. ही दोन्ही मागणी एकाच वस्तूकडे केली, तर ती वस्तू मोडते. म्हणून जे बदलायचे ते बाहेर काढावे, म्हणजे आतल्याला बदलावे लागत नाही. चोळी, उलटी पट्टी, काचेची सपात ही नव्याची हौस आपल्या अंगावर घेतात आणि तळघरातल्या माणसाला सांगतात, "तू तुझे नेहमीसारखे कर, लोकांचे डोळे आम्ही सांभाळतो." भागीदारी चांगली असेल, तर ती अशी असते.

पण चांगली नसली, तर? वहिनींचा जीव कशाने दुखावला होता, हे मला अजून पाहायचे होते. त्यांच्या बाजूने तीन गोष्टी मला दिसल्या.

पहिली नावाची. बाटलीवर गोतिएचे नाव जगाने वाचले. व्हिक्टर आणि रॉल्फ यांनी बाटली उलटी केली तेव्हा तळघराचा कारभार रेजिस कामू यांच्याकडे होता. फसफसणाऱ्या वाइनीचा वर्षातला सर्वोत्तम कारागीर हा मान एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्यांना आठ वेळा मिळाला. या धंद्यातली माणसे त्यांना ओळखतात. पण ती उलटी बाटली ज्यांनी हौसेने घरी नेली, त्यांतल्या किती जणांना हे नाव ठाऊक होते? अंगडे शिवणारा प्रसिद्ध आणि बाळंतपण करणारा अनाम, असे तर होत नाही ना? त्यातही गंमत अशी, की बाटली डोक्यावर उभी करण्याची युक्ती त्या डच जोडीला थट्टा म्हणून सुचली असेल, पण तळघरातला मजूर म्हणेल, "यात नवे ते काय? आम्ही तिला जन्मभर अशीच पाहतो." तरी हे अंगडे मला सगळ्यांत आवडले. त्याने जाणूनबुजून असो वा नकळत, बाटलीच्या आयुष्यातली एक खरी गोष्ट बाहेर सांगितली.

दुसरी गोष्ट खोटेपणाची. त्यासाठी रँसला जायला नको, नारायणगाव पुरे. पुणे जिल्ह्यातल्या या गावी 1980 च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी शँपेनच्या पद्धतीची वाइन तयार केली आणि त्यासाठी तांत्रिक साहाय्य घेतले ते याच पायपर-हाइडसिक घराण्याचे. वाइन चांगली झाली, परदेशी गेली. पण कोणत्या नावाने? 'ओमर खय्याम'. आणि देशात विकताना नाव काय? 'मार्कीज द पाँपादूर'. परदेशाला इराणी कवी, आपल्याला फ्रेंच दरबारातली बाई, आणि ज्या मातीत ती वाइन झाली त्या नारायणगावाचे नाव कुठल्याच पोशाखात नाही! मी कोणाला दोष देत नाही. व्यापारात हे चालते, आणि त्या दिवसांत नारायणगावच्या नावावर बाटली कोणी विकत घेतली नसती, हेही खरे असेल. पण अंगडे जेव्हा जन्मगाव लपवते, तेव्हा ते अंगडे राहत नाही, सोंग होते. गोतिएची चोळी याच्या उलट. ती आपण चोळी आहोत हे लपवत नाही. तिचे बंद पाठीवर उघड दिसतात. तिला कोणी बाटलीचे अंग समजत नाही. सोडा म्हटले की वहिनींनासुद्धा सोडता आली.

तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी. वस्त्राने देहाला कापू नये. कॉर्सेटचाच इतिहास पाहा. कंबर बारीक दिसावी म्हणून युरोपातल्या बायकांनी शतकानुशतके आपला श्वास आवळून घेतला. वस्त्र देहासाठी, की देह वस्त्रासाठी? हाच प्रश्न वाइनलाही पडला होता. 1876 साली रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याने रँसच्या लुई रदरेर या घराण्याकडून आपल्यासाठी पारदर्शक काचेच्या बाटलीतली शँपेन करवून घेतली. तिचे नाव 'क्रिस्ताल'. हिरव्या जाड काचेत कोणी स्फोटक लपवील, अशी त्याला भीती होती, असे सांगतात. पण वाइनला उजेड सोसत नाही. उजेडाने तिची चव आणि वास बिघडतो. गडद काच ही काही सौंदर्यासाठी नसते, ती छत्री असते. आज ती पारदर्शक बाटली विकतात तेव्हा तिच्याभोवती उजेड अडवणारा सोनेरी कागद गुंडाळून विकतात. एका पोशाखाने केलेली चूक दुसऱ्या पोशाखाने झाकायची! झार मात्र 1881 साली बाँबनेच मेला.

आठवा दिवस आला. मी दोघींना समोर बसवले. पुतणीला विचारले, "तू पेटी का केलीस? खरे सांग."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आत्या, परवा मुंबईत एकीच्या घरी मी अनारसा खाल्ला. तोंडात टाकल्याबरोबर कळलं, आईचा आहे. तिला विचारलं, कुणी केले? ती म्हणाली, पुण्याहून सासूबाईंनी पाठवलेत, तिकडे कोणी बाई करते. 'कोणी बाई'! डबा परत येतो, पण नाव कुठेच जात नाही. माझी आई 'कोणी बाई' आहे का?" तिने पेटीचे झाकण उचलून दाखवले. आतल्या बाजूला वहिनींचे पूर्ण नाव होते. सुबक अक्षरात, मोरांच्या मधोमध. घाईघाईत ते आम्ही दोघींनीही पाहिले नव्हते.

वहिनींनी पदराने डोळे टिपले. पण त्या वहिनी आहेत. पुढच्याच क्षणी त्यांनी त्या आठ गोल खणांवर बोट ठेवले. "आणि हे? यात माझे अनारसे मावत नाहीत. लहान करू? एकसारखे करू? तळहातावर थापते मी, साचात नाही. आणि ही खिडकी कशाला? कागदाला तूप लागेल, ते सगळ्यांना दिसेल."

"थोडेसे लहान केलेस तर—" पुतणी म्हणू लागली.

"नाही," मी म्हणाले. न्यायाधीश म्हणून माझे तेवढेच वाक्य. "चोळी सैल कर. अंग कापायचे नाही."

पुतणी क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग उठली, आपल्या पिशवीतली शिवणाची टेप घेऊन आली आणि चाळणीत निथळत उभे केलेले अनारसे एक एक करून मोजू लागली. मला हसू आले. इतकी वर्षे शिकली, पण शिंप्याचा पहिला धडा ती घरच्या माणसाच्या बाबतीत विसरली होती. कोणताही शिंपी आधी माप घेतो, मग कात्री. मोजून झाल्यावर तिने वर पाहिले. "आई, यातले दोनसुद्धा सारखे नाहीत."

"नसायचेच," वहिनी म्हणाल्या. "पण चव बघ."

पेट्या झाल्या. खण गेले, खिडकी गेली, आत तूप धरणारा कागद आला. झाकणाच्या आत वहिनींचे नाव राहिले. वहिनींच्या आग्रहाने त्याखाली बारीक अक्षरात लेकीचेही आले. वहिनींनी आणखी एक अट घातली. पेटीचे पैसे वेगळे सांगायचे, आणि ज्याला पेटी नको त्याने पूर्वीसारखा आपला डबा आणावा, त्याला अनारसे त्याच भावात आणि त्याच बरणीतले. मला ही अट फार मोलाची वाटते. वस्त्राचे पैसे घेणे पाप नाही, पण उघडा माल मागणाऱ्याला तो मिळत नसेल, तर ती भागीदारी राहत नाही, अडवणूक होते.

आता पुन्हा आश्विन आला आहे. बरणीत पीठ मुरते आहे. यंदाच्या पेटीवर मोर नाहीत, पुतणीने कमळे काढली आहेत. गेल्या वर्षीच्या काही पेट्या अजून पेठेतल्या घरांतून दिसतात. कोणी तीत सुया-दोरे ठेवले आहेत, कोणी देवाच्या वाती. झाकण उघडले, की आत नाव दिसते.

चोळीवाली बाटली कपाटात आपल्या जागी आहे. परवा धूळ पुसताना वहिनींनी तिचे सैल झालेले बंद नीट आवळून बांधले. मी पाहते आहे, हे लक्षात येताच जरा सैल केले.